पोहताना फेऱ्यांचा हिशेब का चुकतो आणि तो कसा ठेवावा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेली अनेक माणसे आता व्यायामासाठी जलतरण तलावावर येऊ लागली आहेत, आणि त्यांना तिथे पूर्वी कधी न आलेली एक अडचण येते, ती म्हणजे फेऱ्या लक्षात राहत नाहीत. विहिरीत दमेपर्यंत पोहायचे आणि पायऱ्यांवर येऊन बसायचे, एवढाच हिशेब होता. तलावात मात्र आपण हजार मीटर ठरवून उतरतो आणि अकरावी फेरी चालू आहे की बारावी, या विचारात श्वासाची लयही बिघडवून घेतो.

आधी फेरी म्हणजे काय ते ठरवून टाकू. या व्हिडिओत जाऊन परत येणे म्हणजे एक फेरी. तलाव 25 मीटरचा असेल, तर फेरी 50 मीटरची होते आणि हजार मीटरसाठी 20 फेऱ्या लागतात. 50 मीटरच्या ऑलिंपिक तलावात त्याच अंतराला 10 फेऱ्या पुरतात.

आता चूक कुठे होते ते पाहू. शंभर मीटरला अडीच मिनिटे घेणाऱ्या माणसाला 25 मीटरच्या तलावात एका फेरीला सव्वा मिनिट लागते. त्या सव्वा मिनिटात आकड्याचा उपयोग फक्त भिंतीजवळ होतो. मधल्या काळात श्वास, पायांची हालचाल आणि समोरून येणारा माणूस यांतच मन गुंतलेले असते. त्यातच कधी संपलेली फेरी मोजली जाते, तर कधी चालू असलेली, आणि एका फेरीचा फरक पडतो तो बहुतेक वेळा इथेच. म्हणून नेहमी चालू फेरीचाच आकडा धरावा आणि तो फक्त सुरुवातीच्या भिंतीला पाय रेटून निघताना बदलावा.

खळ्यावर धान्याची रास मापणारा माणूस आठवून पाहा. पहिल्या मापाला तो ‘लाभ’ म्हणतो आणि पुढचे माप भरेपर्यंत चालू आकडा तोंडाने घोळवत राहतो, त्यामुळे मध्ये कोणी बोलले तरी त्याची मोजणी सहसा मोडत नाही. आपणही पाण्यात श्वास सोडताना दर वेळी तोच आकडा मनात म्हणावा: तीन, तीन, तीन.

तरीही वीसपर्यंत मोजण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे. वीस फेऱ्यांचे चार-चारचे पाच गट करावेत, प्रत्येक गटानंतर वीस-तीस सेकंद थांबावे आणि काठावर ठेवलेल्या पाच चिंचोक्यांपैकी एक दुसऱ्या बाजूला सरकवावा. म्हणजे डोक्याला चारच्या पुढे जावे लागत नाही. शिवाय प्रत्येक गट 200 मीटरचा असल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाशी ताळा करता येतो. एरवी पाच मिनिटे लागणाऱ्या गटाला पावणेचार मिनिटेच लागली, तर वेग वाढल्याच्या आनंदात राहू नका. तुमच्या तीनच फेऱ्या झाल्या आहेत. सव्वासहा मिनिटे लागली असतील, तर पाच झाल्या. शंका उरलीच, तर कमी आकडा खरा मानावा. एक फेरी जास्त पोहल्याने व्यायामाचे काही बिघडत नाही.

(पडद्यावर: 4 फेऱ्या × 5 गट × 50 मीटर = 1000 मीटर)

मनगटी स्मार्ट घड्याळाबद्दल अनेक जण विचारतात. जीपीएसचे संकेत पाण्याखाली पोहोचत नाहीत, त्यामुळे तलावात हे घड्याळ हाताच्या हालचालीवरून आणि भिंतीपाशी होणाऱ्या बदलावरून लांब्या मोजते (एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पोहणे म्हणजे एक लांबी, म्हणजे आपली अर्धी फेरी). तुम्ही मध्येच उभे राहिलात किंवा माणूस चुकवण्यासाठी वळलात, तर ते एक लांबी जास्त धरू शकते. फळी धरून नुसते पाय मारलेत, तर हात स्थिर असल्यामुळे बहुधा काहीच धरत नाही. त्याहून मोठी चूक तलावाच्या लांबीची. रिसॉर्टमधले किंवा खाजगी तलाव अनेकदा 25 मीटरचे नसतात. तलाव 20 मीटरचा असताना घड्याळात 25 ठेवले, तर 800 मीटर पोहून 1000 दिसतात. एकदा काठाने टेप लावून लांबी मोजा आणि घड्याळात तोच आकडा भरा.

मोजणी विसरणे हे नवशिक्याचेच लक्षण आहे, असे समजू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 800 आणि 1500 मीटरच्या शर्यतींत वळणाच्या टोकाला पोहणाऱ्याला शिल्लक लांब्यांचा आकडा दाखवला जातो, आणि शेवटच्या दोन लांब्या व पाच मीटर उरले की इशारा दिला जातो.

ज्यांना निव्वळ तब्येतीसाठी पोहायचे आहे, त्यांनी अंतर सोडून मिनिटे मोजली तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारसही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे मिनिटांतलीच आहे. मात्र महिन्याभरात दम वाढला की नाही हे पाहायचे असेल, तर अंतर आणि वेळ दोन्ही लागतात. त्यासाठी तलावातून बाहेर आल्यावर, कपडे बदलण्याआधीच, तलावाची लांबी, फेऱ्या आणि एकूण मिनिटे फोनमध्ये टिपून ठेवा.