त्या एका गाण्यानंतरची मुबारक बेगम

मंडळी, आमचा कोल्हापुरात छोटासा छापखाना होता. 1978च्या लग्नसराईतली गोष्ट. पत्रिकांचं काम अंगावर आलं की रात्री उशिरापर्यंत मशीन चालायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो, कागद द्यायला बसायचो. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे एक काका होते, वडिलांच्या आधीपासून छापखान्यात असलेले. त्यांच्याजवळ रेडिओ असायचा. त्या रात्री विविध भारतीवर छायागीत चालू होतं. निवेदकानं नावं सांगितली, ती मशीनच्या आवाजात गेली. मग गाणं सुरू झालं आणि काकांनी हात वर केला. मशीन थांबवा, अशी खूण. मालक समोर असताना कामगारानं मशीन थांबवायला सांगितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी एक शब्द न बोलता मशीन थांबवलं.

'कभी तनहाइयों में यूँ, हमारी याद आएगी.'

गाणं संपलं. काका म्हणाले, "मुबारक बेगम. आणि चाल आपल्या भाटकरांची." एवढं बोलून ते परत खिळे उचलायला लागले. मला दोन्ही नावं नवी होती. त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं की हिंदी सिनेमातले बायकांचे सगळे आवाज मी ओळखतो. चार-पाच तर होते! आणि हा त्यांतला कुठलाच नव्हता. किंचित नाकातून येणारा, कडेला जरा खरखरीत, जाड नाही पण नाजूकही नाही. एखाद्या बाईनं दार अर्धवट उघडून, उंबऱ्याच्या आत राहूनच आपल्याशी बोलावं, तसा.

आधी गाण्याबद्दल बोलतो. 'हमारी याद आएगी' हा 1961चा चित्रपट. केदार शर्मांनी काढलेला, तनुजाच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी. गाण्याचे शब्दही त्यांचेच. तुमच्यात गझल लिहिणारे काही जण बसले आहेत, त्यांनी ही ओळ बोटांवर मोजून बघावी. क-भी-तन-हा, इ-यों-में-यूँ, ह-मा-री-या, द-आ-ए-गी. लगागागा चार वेळा. म्हणजे आपलं वियद्गंगा वृत्त. प्रत्येक गणाच्या तोंडाशी एक लघु आणि मागून तीन गुरू. मला तो लघु पाऊल उचलल्यासारखा वाटतो आणि पुढचे तीन गुरू पाऊल जड होऊन टेकल्यासारखे. चालणारा माणूस दमला आहे पण थांबत नाही, हे त्या वृत्तातच आहे. मुबारक बेगम यांनी ते वृत्त सांडू दिलेलं नाही. शब्द फोडला नाही, मुरकी, म्हणजे सुरांची झटकन घेतलेली वेलांटी, घेऊन त्याला झाकला नाही.

दुसरं म्हणजे काळ. प्रेमाची गाणी बहुतेक वर्तमानात असतात, नाहीतर भूतकाळात. तू ये, तू का गेलास, तू होतास तेव्हा असं होतं. हे गाणं सबंध भविष्यकाळात आहे. तुला माझी आठवण येईल. अंधार दाटत असेल आणि वीज चमकून जाईल. पुढच्या कडव्यात तर ती म्हणते की ही वीज तुझ्या प्रेमाच्या दुनियेची राख करील, मग तुला जगताही येणार नाही आणि मरणही येणार नाही. अहो, हा शाप आहे! आपल्याकडे ज्याला तळतळाट म्हणतात, तो. पण तो देताना तिचा आवाज चढत नाही. राग नाही, रडं नाही, विनवणी तर नाहीच नाही. ज्या माणसावर एवढा जीव होता त्याचं पुढे काय होणार हे तिला दिसतंय आणि ती ते शांतपणे सांगून टाकते. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. प्रेम म्हणजे मागणं, एवढंच मला ठाऊक होतं. ज्यानं मागणं सोडून दिलं आहे त्याचंही प्रेम शिल्लक असू शकतं, हे मला या आवाजानं पहिल्यांदा कळवलं.

आता भाटकर. स्नेहल भाटकर म्हणजे वासुदेव भाटकर. मुंबईचा माणूस, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत नोकरी आणि भजनात मुरलेला गळा. नोकरीमुळे की काय, चित्रपटांना वेगवेगळ्या नावांनी संगीत दिलं, त्यांतलं 'स्नेहल' टिकलं. ते त्यांच्या मुलीच्या नावावरून घेतलेलं. अभिनेते रमेश भाटकर हे त्यांचे चिरंजीव, हे तुम्हाला माहीत असेल. केदार शर्मांशी त्यांचं जुनं नातं. 1948च्या 'सुहाग रात'चं संगीतही त्यांचंच. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते: चाल अशी हवी की मागच्यांना ती उचलता आली पाहिजे. हे गाणं कुणालाही गुणगुणता येतं, आणि मुबारक बेगम यांच्यासारखं मात्र कुणालाच गाता येत नाही. चाल सोपी ठेवून भाटकरांनी सगळा भार गळ्यावर सोडला. त्या गळ्यावर त्यांचा किती विश्वास असेल!

तर मी शोधायला लागलो. त्या काळी दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कोरी कॅसेट द्यायची, ते भरून देत. मी नव्वदची कॅसेट घेऊन गेलो. दुकानदार म्हणाले, "मुबारक बेगमची नव्वद मिनिटं? त्यांचं एकच गाणं आहे." ते मनापासून बोलत होते. पण तसं नव्हतं. ती कॅसेट भरायला मला सहा वर्षं लागली, तीन दुकानं आणि पुण्याचा एक संग्राहक लागला. ती भरली.

तिच्यात काय काय आलं ते ऐका. 1953च्या 'दायरा'तलं रफीसाहेबांबरोबरचं 'देवता तुम हो मेरा सहारा', संगीत जमाल सेन. 1955च्या 'देवदास'मधलं 'वो न आएँगे पलटकर', संगीत सचिनदेव बर्मन, शब्द साहिर. 1958च्या 'मधुमती'तलं 'हम हाल-ए-दिल सुनाएँगे', सलील चौधरींचं. 'हमराही'तलं 'मुझको अपने गले लगा लो', शंकर-जयकिशनचं, तेही रफीसाहेबांबरोबर. 'जुआरी'तलं 'नींद उड़ जाए तेरी', कल्याणजी-आनंदजी. एवढ्या मोठ्या संगीतकारांनी ज्या बाईंना बोलावलं, त्या एका गाण्याच्या गायिका कशा?

पण बोलावलं कशासाठी, हेही बघितलं पाहिजे. बहुतेक वेळा कोठ्यावरच्या गाण्यासाठी, महफिलीसाठी, नायकाच्या आयुष्यातून बाजूला होणाऱ्या बाईसाठी. नायिकेचा आवाज कसा असावा हे तोवर ठरून गेलं होतं. उंच, निर्मळ, कुठेही डाग नसलेला. मुबारक बेगम यांच्या आवाजाला जगल्याचा वास होता आणि नायिकेला तो चालत नव्हता. माझ्या मते त्यांच्यावर अन्याय झाला असेल तर तो इथे झाला. कोणी कोणाची गाणी काढून घेतली वगैरे कथा मी सांगणार नाही. त्या कथा सांगताना गाणं बाजूला राहतं आणि आपण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत बसतो.

त्या 18 जुलै 2016 रोजी मुंबईत गेल्या. शेवटची वर्षं जोगेश्वरीच्या लहानशा घरात काढली, पैशांची ओढाताण होती. त्यानंतर जे लेख आले त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात 'त्यांचंच गाणं त्यांच्या बाबतीत खरं झालं' असं वाक्य होतं. मला ते वाक्य सहन होत नाही. ओळ काय म्हणते? तुला माझी आठवण येईल. ती बाई आठवण द्या म्हणून पदर पसरत नाहीये. आपण मात्र तिच्या गरिबीवर हळहळतो, डोळे पुसतो आणि तेच एक गाणं पुन्हा लावतो. हळहळीला वेळ लागत नाही. 'बेमुरव्वत बेवफ़ा' शेवटपर्यंत, दुसरं काही न करता ऐकायला लागतो. जाँ निसार अख़्तरांचे शब्द, सी. अर्जुनची चाल. त्यात 'आप हैं' हे दोन शब्द त्या परत परत कसे टेकवतात बघा. ठपका ठेवतानाही अदब सुटत नाही.

काकांना मी ती कॅसेट ऐकवली होती. 1984 साल. छापखान्यात दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी डबा उघडला नाही. एक बाजू संपली तेव्हा म्हणाले, "उलटी कर."

म्हणून आज मी ते प्रसिद्ध गाणं लावणार नाही. ते तुम्हाला पाठ आहे. 'शगुन' हा 1964चा चित्रपट, संगीत खय्यामांचं. याच चित्रपटात जगजीत कौर यांचं 'तुम अपना रंज-ओ-ग़म' आहे, तोही असाच मागे राहिलेला आवाज. आत्ता लावतोय ते तलत महमूद आणि मुबारक बेगम यांचं, 'इतने क़रीब आके भी'. साहिरचे शब्द. एवढं जवळ येऊनही तुम्ही थोडे परके, आम्हीही थोडे परके, असं दोघं म्हणतात. तलतसाहेबांच्या आवाजाचा कंप तुमच्या ओळखीचा आहे. त्याच्या शेजारी तिचा आवाज येतो तेव्हा तो कुठे उभा राहतो, तेवढं ऐका. पंखा जरा बंद कराल का कुणीतरी?