फाईल तीच, फोटो वेगळा

(रात्र. प्रिंटिंग मशीन, अगदी जवळून.)

रात्रीचे साडेअकरा. ठाण्यातल्या एका गल्लीत फ्लेक्स छापायचं दुकान. शटर अर्धं खाली, आत शाईचा उग्र वास. मशीनचं हेड डावीकडून उजवीकडे जातं, परत येतं, आणि दर फेरीला चेहरा बोटभर पुढे सरकतो. आधी केस. मग कपाळ. मग चष्मा. हा माणूस हुशार की मठ्ठ, सज्जन की लबाड, एवढ्यात सांगता येणार नाही. जरा दम धरा. खालच्या पट्टीतला पक्षाचा रंग तर येऊ दे.

(संगणकाचा पडदा.)

हे ऑपरेटर दादा. नाव नको म्हणाले, दोन्हीकडची गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्याकडे विशेषणांची एक फाईल जपून ठेवलेली आहे. कार्यसम्राट, कर्तव्यदक्ष, अभ्यासू, धडाडीचे, गोरगरिबांचे आधारवड. 'उच्चशिक्षित' जरा बाजूला ठेवलाय, तो सगळ्यांना चालत नाही. वाढदिवसाची ऑर्डर आली की जुनी फाईल उघडायची, जुना फोटो उडवायचा, नवा बसवायचा, मागचं आभाळ तेच. जून २०२२ पर्यंत इथे शिवसेनेचं एकच फोल्डर होतं. आता दोन आहेत, एकात धनुष्यबाण, एकात मशाल. विशेषणांची फाईल मात्र दोघांत सामाईक.

खालच्या रांगेत शुभेच्छुकांपैकी कुणाचा फोटो कुणाच्या आधी, यावरून रात्रीत तीन-तीन फोन येतात. "पण अभ्यासू म्हणजे कशाचा अभ्यास, असा फोन आजवर एकही नाही," दादा सांगतात. दोरी ओवायच्या कड्या, म्हणजे आयलेट, ठोकून झाली की फ्लेक्सची गुंडाळी होते आणि रात्री दोनला रिक्षात आडवी पडून निघते.

(पहाट. मासुंदा तलाव, पाण्यावर रंगायतनची बाजू.)

रिक्षावरून आठवलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलेले हे दोन काका एका वर्गातले. चालायला रोज बरोबर येतात, चहाचे पैसे आळीपाळीनं देतात. डावीकडचे धनुष्यबाणाचे, उजवीकडचे मशालीचे.

एकनाथ शिंदे ठाण्यात रिक्षा चालवायचे. ते स्वतःच सांगतात, त्यात वाद नाही. ३० जून २०२२ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि त्या एका रिक्षाला दोन अर्थ फुटले. डावीकडचे म्हणतात, "डोकं असल्याशिवाय माणूस रिक्षातून तिथवर जातो का?" उजवीकडचे म्हणतात, "रिक्षा हाकली म्हणजे राज्य हाकता येतं का?"

आता माणूस बदलू. उद्धव ठाकरे, कोरोनाचा काळ, फेसबुकवरची भाषणं. उजवीकडचे लगेच, "घरातला मोठा माणूस बोलतो तसं बोलायचे. संयमी." डावीकडचे हसतात. "संयमी कसला, घराबाहेर पडत नव्हते." "अरे, सगळ्यांना घरात बसा सांगून स्वतः हिंडायचं होतं का?" रिक्षा तीच, भाषणं तीच. एकाला जी जिद्द दिसते तीच दुसऱ्याला कुवतीबाहेरची उडी वाटते. आपल्याकडे म्हणतातच, नावडतीचं मीठ अळणी. तसं आवडत्याचं कारलंही गोड लागतं, पण ती म्हण कुणी केली नाही.

मग त्यांना एक कोडं घातलं. एका मोठ्या विद्यापीठातले दोन विद्यार्थी. एकाची सरासरी ७७, दुसऱ्याची ७६. हुशार कोण?

"एका मार्कानं काय होतंय?" दोघंही एका सुरात. पहिल्यांदाच.

विद्यापीठ अमेरिकेतलं येल. ७७ वाले धाकटे जॉर्ज बुश, ७६ वाले जॉन केरी. "बुश? तो बावळट होता ना रे?" हे डावीकडचे. उजवीकडच्यांनीही मान हलवली. म्हणजे अमेरिकेतल्या एका पक्षाचं मत तलावपाळीपर्यंत येऊन पोचलं होतं, आणि आणलं कुणी ते दोघांनाही आठवत नव्हतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी हे दोघे समोरासमोर होते, तेव्हा केरी विद्वान आणि बुश ढ, असं पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. केरींचे गुण उघड झाले २००५ मध्ये, मतदान उरकल्यावर. त्याआधी २००१ मध्ये तर एक ईमेल फिरला होता, रूझवेल्टपासून बुशपर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांच्या बुद्ध्यांकाचा. बुश ९१, क्लिंटन १८२. ज्या संस्थेच्या नावावर हे आकडे होते ती संस्थाच अस्तित्वात नव्हती. लंडनच्या 'गार्डियन'नंही ते छापलं आणि मग चूक कबूल केली.

(जुन्या लष्करी कवायतीची स्थिरचित्रं.)

१९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकी लष्करातले शेरे तपासले. अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांचे वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण जो एका रकान्यात चांगला, तो बाकीच्यांतही चांगलाच निघत होता. तिथे तर पक्षही नव्हता.

(कट्टा. काकांच्या हातातला कागद.)

हा कागद नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि स्वतःवरचे खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. आम्ही एकाचं छापून आणलं, नाव आणि पक्ष काळ्या पट्टीनं झाकले.

डावीकडच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला. शिक्षण वाचलं. जमीन वाचली. खटल्यांच्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ थांबले. उजवीकडच्यांनी मान वाकडी करून तेच वाचलं.

"हे खटले आंदोलनातले की खरेखुरे?"

त्यावर कलमं लिहिलीयत, काका.

"ते दिसतंय. आधी हा कुणाचा ते सांग, मग सांगतो."

पट्टी आम्ही काढली नाही. चहा आला.

मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षं ठाणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात तुंबलेल्या नाल्याचं गाऱ्हाणं कुणाकडे नेलंत, हेही विचारलं होतं. पण तोवर कॅमेऱ्याची बॅटरी गेली.

(रात्र. पुन्हा दुकान.)

निघता निघता दादांना विचारलं, इतके चेहरे हातांखालून जातात, चांगला माणूस कोण हे कसं ओळखता?

त्यांनी गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची वही काढली. उधारीची. मागच्या निवडणुकीपासूनची बाकी, काही ओळींवर काट, काही तशाच. दोन्हीकडची नावं आहेत, म्हणाले, आणि दोन्हीकडचे वेळेवर देणारेही आहेत.

कॅमेरा वहीजवळ गेला तसा नावांवर त्यांनी पंजा ठेवला. "आकडे घ्या. नावं नको."

(पंजा. बोटांच्या फटीतून दिसणारे आकडे. मागे मशीनचा आवाज.)