मागची गाडी दिसतेय ना?

(खोपोली. रस्त्याच्या कडेला पाच जुन्या गाड्या, सगळ्यांची बॉनेट वर.)

एप्रिल महिना. मुंबईतून निघायलाच उशीर झाला, त्यामुळे खोपोलीत चहा होईपर्यंत ऊन डोक्यावर आलंय. घाट चढायच्या आधी प्रत्येक जण रेडिएटरचं पाणी, ऑइल, फॅनबेल्टचा ताण बघून घेतोय. कुर्ल्यात तयार झालेली १९६४ची फियाट ११०० डिलाइट, उत्तरपाड्याची अँबेसिडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, एक मॉरिस मायनर आणि सगळ्यात शेवटी महिंद्राची जीप. नेमकं बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. आमच्या त्यानंतरच्या. पण टपरीवरचा पोरगा "व्हिंटेज गाड्या आल्या!" म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला दुरुस्त करावंसं वाटत नाही.

निघताना एकच नियम सांगितला जातो. आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली, की बरी जागा बघून थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. फोनला रेंज असो-नसो, रांगेच्या टोकापर्यंत निरोप पोचतो.

(शिंग्रोबाचं देऊळ.)

हा शिंग्रोबा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. ट्रकवाले इथे नाणं टाकतात, आम्हीही टाकलं. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला धाप लागू न देता, वळणं घेत वर निघालो.

दोन वळणं गेली आणि अँबेसिडरच्या आरशातून फियाट नाहीशी झाली.

धक्के खात खात ती बंद पडली होती. मागच्या जीपने चाकाला दगड लावला, मागे त्रिकोण उभा केला. सगळ्यांचं निदान एकच: व्हेपर लॉक. फियाटचा पेट्रोल पंप, ज्याला मेकॅनिक एसी पंप म्हणतात, इंजिनालाच बोल्टने बसवलेला असतो. चढावर इंजिन तापतं, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती वाफ ढकलता येत नाही. उपाय साधा आहे. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. वीस मिनिटांनी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. टाळ्या झाल्या.

दीड किलोमीटरवर पुन्हा तेच.

आता मात्र घाई करून चालणार नव्हतं. पुढे हा रस्ता एक्सप्रेसवेला मिळतो. तिथल्या घाटात, अवजड ट्रकांच्या मध्ये गाडी बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ. जीपवाली ताई पाना घेऊन फियाटवाल्या काकांकडे आली.

"काका, करंट बघितला का?"

"अगं, पेट्रोलच उचलत नाहीये ती."

"पेट्रोल मी बघते. तुम्ही सावलीत बसा जरा."

कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरला, सेल्फ मारला. पेट्रोल भसाभसा आलं. म्हणजे पंप निर्दोष! पाइप परत आवळला, सांडलेलं पुसलं, वाळू दिलं, आणि मगच कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाची, वायर धातूजवळ धरून ठिणगी बघितली. निळी, टचकन उडणारी ठिणगी हवी. आली ती पिवळी, मरगळलेली. ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रीब्यूटरचं झाकण काढलं तर पॉइंट, म्हणजे आतले उघडमीट करणारे विजेचे स्पर्शबिंदू, काळे पडलेले.

कंडेन्सर गेला होता. पॉइंट उघडताना त्यांच्यात उडणारी ठिणगी गिळायची, हे या बोटाच्या पेराएवढ्या डबीचं काम. खराब होत आलेला कंडेन्सर तापला की दगा देतो आणि गार झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. म्हणून ओल्या फडक्याने गाडी बरी झाल्यासारखं वाटलं. खरं तर ती नुसत्या थांबण्याने बरी झाली होती. रस्त्यावर माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथेच, कारण दोन्ही दुखण्यांचं लक्षण एक. ठिणगी तपासायला दोन मिनिटं पुरली असती, आणि ती पहिल्याच थांब्याला तपासायला हवी होती.

फियाटच्या सामानाच्या डब्यात जादा कंडेन्सर नव्हता. अँबेसिडरच्या डब्यात होता, पण तो फियाटच्या डिस्ट्रीब्यूटरच्या आत बसेना. मग बाहेरच बसवला. रंग खरवडून धातू उघडा केला, डबी स्क्रूने आवळली, वायर टर्मिनलला जोडली. कंडेन्सरला विजेचा रस्ता मिळाला की पुरतं. तो आत आहे की बाहेर, याने फरक पडत नाही.

सामान वाटून नेण्याचा फायदा असा. आता आम्ही पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा आतला लवचीक पडदा) आणि पेट्रोलचे रबरी पाइपही जादा ठेवतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, नाहीतर कडक होऊन तडकतं.

(लोणावळा. रात्र. पार्किंगमध्ये बॅटरीचा उजेड.)

पोचायला संध्याकाळ झाली. जेवणं उरकल्यावर काकांनी पॉइंट पॉलिश पेपरने घासून घेतले. फटी मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, सापडेना, तेव्हा खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून त्याच्या जाडीवर पॉइंटमधली गॅप बसवली. ताई बॅटरी धरून उभी होती.

उद्या पुढे वाई, आणि मग पसरणीचा घाट. फियाट उद्याही जीपच्याच पुढे चालणार आहे, आणि अँबेसिडरवाल्यांनी आपला आरसा आत्ताच पुसून ठेवलाय.