कॅमेऱ्याने किती पाहावं?

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंच लेखक ज्यां-पॉल सार्त्र यांचं 'नो एक्झिट' हे नाटक १९४४ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. नाटक घडतं नरकात. मात्र इथे आग नाही, छळाची हत्यारं नाहीत. आहे फक्त एक दिवाणखाना: तीन सोफे, एक ब्राँझचा पुतळा, खिडकी नाही, आरसा नाही, दिवा कधीच मालवत नाही. आणि मेलेली तीन माणसं, गार्सँ, इनेझ आणि एस्तेल.

यावर सिनेमा करायचा म्हटलं की पहिली धास्ती एकच असते, एका खोलीत कॅमेरा करणार काय? मग पटकथेत फ्लॅशबॅक शिरतात. मला वाटतं, घात तिथेच होतो.

एक प्रसंग सांगते. एस्तेलला ओठांना लाली लावायची आहे, पण आरसा नाही. इनेझ म्हणते, मीच तुझा आरसा होते. तिला जवळ बसवते, आणि मध्येच म्हणते, गालावर तो लाल डाग कसला? एस्तेल हादरते. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या आपल्याला तिचा गाल नीट दिसत नाही, त्यामुळे आपणही तिच्याइतकेच इनेझच्या शब्दावर अवलंबून असतो. सिनेमात क्लोज-अप घेतला, की स्वच्छ गाल दिसतो आणि भीती तिथल्या तिथे संपते. म्हणून कॅमेरा एस्तेलच्या पाठीमागे हवा. आपल्याला दिसावी फक्त इनेझची नजर, आणि त्याच फ्रेममध्ये, कोपऱ्यात डोकं हातांत धरून बसलेला गार्सँ. रंगमंचावर तिसरा माणूस कधीच नजरेआड होत नाही. संकलनात मात्र एका कटने त्याची सुटका होऊन जाते.

गार्सँचंही तसंच. पृथ्वीवर आपले सहकारी आपल्याला भेकड म्हणताहेत, हे तो या खोलीतून ऐकतो. आपल्याला ऐकू येतात ते फक्त त्याचे शब्द. युद्ध टाळण्यासाठी त्याचा पळून जाण्याचा प्रसंग पडद्यावर दाखवला, तर निकाल कॅमेराच देऊन टाकेल. मग तो भेकड आहे की नाही, याबद्दलच्या इनेझच्या मताला किंमत काय उरली?

झाकलिन ओद्री या दिग्दर्शिकेने १९५४ साली या नाटकावर चित्रपट केला. इनेझ झाली होती आर्लेती. एस्तेल होती गाबी सिल्व्हिया, जिने दहा वर्षांपूर्वी पहिल्या प्रयोगातही हीच भूमिका केली होती. मला याचं फार अप्रूप वाटतं. दूरवर बसलेल्या प्रेक्षकांसाठी घडवलेला चेहरा लेन्सच्या इतक्या जवळ आणायचा, म्हणजे सगळी भूमिका नव्याने बसवणंच आलं.

सिनेमाला एक गोष्ट नाटकापेक्षा चांगली साधते. या नरकात पापण्या मिटत नाहीत. नाट्यगृहात ते संवादातून सांगावं लागतं. पडद्यावर उघडा डोळा नुसता दाखवत राहिलं, तरी प्रेक्षक अस्वस्थ होतो. नटाची पापणी लवायच्या आधी कट करणं हे संकलकाचं कसब.

शेवटाकडे दार उघडतं आणि कुणीच बाहेर जात नाही. तिथे कॅमेरा बाहेरच्या बोळात वळवण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा. गार्सँ थांबतो तो इनेझसाठी, कारण तो भेकड नाही हे तिला पटवल्याशिवाय त्याला चैन नाही. त्या क्षणी पडद्यावर इनेझचा चेहरा हवा, दार नव्हे.