कवेलूची शाळा

तर मंडळी, हे जे तुम्ही स्क्रीनवर पाहून राहिले ना, ही यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावातली जुनी मराठी शाळा, अन् कागदोपत्री म्हणाल तर खोल्या निर्लेखनाला टाकलेल्या, म्हणजे पाडायला मोकळ्या.

पाडायच्या आधी जरा आत चला. हे लटकलेलं दिसते ते रेल्वेच्या रुळाचं तुकडं, हीच शाळेची घंटा. आता रूळ इथं कसा आला? तर १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पुढं १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेत पोचेना, आपल्या कापसाला भाव चढला अन् त्याच काळात रेल्वे आली, १८६७ ला गाडी पार नागपूरपर्यंत. मग कापसातली सरकी काढायच्या जिनिंग आल्या, कचेऱ्या आल्या, लिहितावाचता येणारी माणसं लागायला लागली, म्हणून अशा शाळा निघाल्या. शाळा जिल्हा परिषदेकडे आली ती १९६२ नंतर.

आता भिंत पहा. दीड-दोन फूट जाड, वीट अन् चुन्याची. तेव्हा सिमेंट कुठलं, चुना घाण्यात बैल फिरवून मळायचे, कुठं कुठं त्यात गूळ अन् बेलफळाचा गर टाकत. एवढी जाड भिंत तापायलाच दिवस लागतो, बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत पोट्टे घरी गेलेले असतात! वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे लाकडी सांगाडे, त्यावर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं, ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ ला मंगलोरात काढला. गरम हवा वर चढते अन् भिंतीतल्या झरोक्यातून, कवेलूच्या फटीतून निघून जाते. अन् समोरचा हा लांब व्हरांडा, त्याच्यामुळं वर्गाच्या भिंतीला दुपारचं ऊन लागतच नाही. फॅन नव्हते तेव्हा, डोकं होतं.

मग बिघडलं कुठं? कॅमेरा जरा खाली घ्या. हा सिमेंटचा प्लास्टर मागाहून केलेला, ठोकून पहा, पोकळ वाजते. चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते अन् बाहेर सोडते, तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, मग खपली पडते ती विटेचा तुकडा घेऊनच पडते. लोक म्हणतात भिंत म्हातारी झाली. म्हातारी नाही हो, रिपेअरिंगनं आजारी पाडली. वर दोन-तीन पावसाळे कवेलू फेरले नाहीत की पाणी कैचीत मुरते अन् सागवानही शेवटी सडतेच.

बाजूला नवीन खोल्या आहेत, टिनाच्या, रंगबिरंगी. विदर्भात ऊन पाहून शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होते, उन्हाळा लागला की सकाळची होते, तरी एप्रिलात दहा वाजले की टिन तापते अन् मास्तर वर्ग उचलून याच निर्लेखित व्हरांड्यात आणून बसवतात.