बारावी जागा

(दृश्य: मैदानावरचं घड्याळ, उलटी मोजणी सुरू.)

सात मिनिटं. मग दोन मिनिटांची उसंत. पुन्हा सात मिनिटं. संपला सामना.

कबड्डीच्या एका सत्रालासुद्धा वीस मिनिटं मिळतात. रग्बी सेव्हन्समध्ये कबड्डीसारखेच सात खेळाडू, पण मैदान पंधरा जणांच्या रग्बीचं. आडवं तिडवं पसरलेलं. एकाची पकड सुटली की त्याच्या मागे अडवायला कुणी उरत नाही. समोरचा धावत सुटतो, रेषेपलीकडे चेंडू टेकवतो, म्हणजे ‘ट्राय’ करतो, पाच गुण. त्यावर ड्रॉपकिक, म्हणजे चेंडू जमिनीवर टेकताच मारलेली लाथ, नीट बसली तर आणखी दोन.

१७ सप्टेंबर २०२३ ला झिम्बाब्वेच्या हरारेमध्ये अशाच चौदा मिनिटांवर दोन देशांचं ऑलिंपिक टांगलेलं होतं. एका बाजूला दक्षिण आफ्रिका. वर्षभरापूर्वीच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम सामन्यात फिजीला हरवून सुवर्णपदक घेतलेला संघ. खेळाच्या दुनियेत त्यांना ‘ब्लिट्झबोक्स’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला केनिया.

जिंकेल तो पॅरिसला. हरेल तो... तो नक्की कुठे जातो, हीच आजची गोष्ट.

(दृश्य: पॅरिस. स्ताद द फ्रान्सच्या रिकाम्या खुर्च्या.)

ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सेव्हन्ससाठी जागा बारा. महिलांसाठीही बारा. फुटबॉलच्या विश्वचषकासारखी ऐसपैस पंगत इथे नाही. पॅरिस २०२४ साठी या बारा जागांचं वाटप असं ठरलं होतं. एक यजमान फ्रान्सची, न खेळता. चार जागा वर्षभराच्या जागतिक मालिकेतून. सहा जागा सहा विभागांना, प्रत्येकी एक. आणि उरलेल्या एका जागेसाठी शेवटची संधी, म्हणजे रिपेचाज.

जागतिक मालिका ही खरी कसोटी. २०२२ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगला सुरू झालेली पुरुषांची मालिका २०२३ च्या मे महिन्यात लंडनला संपली. अकरा टप्पे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवसांची धुमश्चक्री. पहिल्याला २२ गुण, दुसऱ्याला १९, तिसऱ्याला १७, आणि तसंच खाली. एखाद्या आठवड्यात चमकून भागत नाही. सिडनीत जिंकलात आणि व्हँकुव्हरमध्ये ढेपाळलात, तर बेरजेत ते दिसतंच. शेवटी न्यूझीलंड, अर्जेंटिना, फिजी आणि ऑस्ट्रेलिया या चौघांनी तिकिटं घेतली. फ्रान्स या हिशेबाबाहेर, कारण त्यांची जागा आधीच ठरलेली.

दक्षिण आफ्रिका त्या चौघांत नव्हती. दुबईचा टप्पा जिंकूनही नव्हती.

(दृश्य: लंडन, ट्विकनहॅम. मे महिना.)

आणि केनिया? त्याच लंडनमध्ये केनियाची गत याहून वाईट झाली. तळाच्या संघांना मालिकेतलं कायमचं स्थान टिकवण्यासाठी आपसात लढावं लागतं. त्या लढतीत कॅनडाने केनियाला १२-७ ने हरवलं आणि केनिया जागतिक मालिकेतून बाहेर फेकला गेला. कुणी म्हणालं असतं की चार महिन्यांनी हाच संघ ऑलिंपिकला जाणार आहे, तर लोक हसले असते.

पण हरारेत, म्हणजे आफ्रिका विभागाच्या एका जागेच्या लढतीत, मालिकेचे गुण चालत नाहीत. तिथे पाटी कोरी.

केनिया १७, दक्षिण आफ्रिका १२.

एका ट्रायचा फरक. सेव्हन्समध्ये एक ट्राय म्हणजे काही सेकंदांचं काम.

(दृश्य: जगाचा नकाशा. एकेक विभाग उजळत जातो.)

आता इथे एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. जगातल्या पहिल्या दहांत सहज बसणारा संघ बाहेर, आणि त्याच्याहून दुबळे संघ आत, ही कुठली रीत? दक्षिण अमेरिकेतून उरुग्वे पॅरिसला गेला. आशियातून जपान गेला, ओसाकात हाँगकाँगला हरवून. ओशियानियातून सामोआ, उत्तर अमेरिकेतून अमेरिका. युरोपची जागा ठरली पोलंडच्या क्रॅकोमध्ये, युरोपियन गेम्समध्ये. तिथे आयर्लंडने ग्रेट ब्रिटनला २६-१२ ने हरवलं.

ब्रिटनची तर गंमतच आहे. रग्बीत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे तीन वेगळे देश. ऑलिंपिकमध्ये मात्र एकच झेंडा. त्यामुळे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी आधीच ठरवलं गेलं की पात्रतेचा भार इंग्लंडने वाहायचा. २०१४-१५ च्या मालिकेत इंग्लंड चौथा आला आणि तिकीट मिळालं ब्रिटनला. आता मालिकेतही तिघे मिळून एकच संघ खेळतो. उत्तर आयर्लंडचे रग्बीपटू मात्र या खेळात आयर्लंडकडून खेळतात, त्यामुळे क्रॅकोच्या सामन्याला घरातल्या भांडणाचीही थोडी चव होती.

तर, रीत बरोबर की चूक? आमच्या मते बरोबर. फक्त ताकदीवर बारा निवडले, तर त्याच त्या देशांचं संमेलन भरेल. ऑलिंपिकचं तिकीट दिसत असेल तरच उरुग्वेत किंवा युगांडात कुणी सरकारकडे मैदानासाठी पैसे मागू शकतो. आपल्याकडेच बघा. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात परदेशी खेळाडूंना घेऊन सेव्हन्सची रग्बी प्रीमियर लीग झाली. पण भारताचा संघ आजवर एकदाही ऑलिंपिकपर्यंत पोचलेला नाही. आशियाची ती एक जागा नसती, तर ते स्वप्न बघायलाही काही उरलं नसतं.

अर्थात हे सगळं मुंबईत बसून म्हणणं सोपं. केप टाउनमध्ये जाऊन म्हणून दाखवावं.

(दृश्य: मोनॅको. समुद्र, आणि त्याला लागून स्ताद लुई द्यू.)

हरारेत हरल्यावर तीन महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेने पुन्हा दुबईचा टप्पा जिंकला. म्हणजे जगातल्या बड्या संघांना हरवायचं, आणि तरीही हातात तिकीट नाही! पुढचे महिने घसरणीचे गेले. ऑलिंपिक तोंडावर आलं असताना प्रशिक्षक बदलला. संघाचे जुने कर्णधार फिलिप स्नायमन यांच्याकडे सूत्रं आली.

जून २०२४. ऑलिंपिकला जेमतेम महिना उरलेला. रिपेचाजसाठी मोनॅकोत बारा संघ जमले, प्रत्येक विभागातून दोन. युगांडा होता, टोंगा होता, पापुआ न्यू गिनी होता, मेक्सिको होता. जागा एक. इथे दुसरा येणं आणि बारावा येणं सारखंच.

इथला इतिहासही बोलका आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आधी याच मोनॅकोत अंतिम सामन्यात आयर्लंडने फ्रान्सला हरवलं होतं. फ्रान्सच्या पुरुष संघाने टोकियोचे सामने दूरचित्रवाणीवर पाहिले.

या वेळी अंतिम सामन्यात समोरासमोर आले दक्षिण आफ्रिका आणि ग्रेट ब्रिटन. एकाकडे रिओचं कांस्य, दुसऱ्याकडे रिओचं रौप्य. दोघांपैकी एकाने घरी जायचं.

दक्षिण आफ्रिका १४, ब्रिटन ५.

बारावी जागा भरली.

(दृश्य: पुन्हा स्ताद द फ्रान्स. आता तुडुंब भरलेलं.)

पॅरिसमध्ये सुरुवात अशी की मोनॅकोची मेहनत वाया गेली असं वाटावं. आयर्लंडकडून १०-५ ने हार. न्यूझीलंडकडून १७-५ ने हार. तिसऱ्या सामन्यात जपानला ४९-५ ने झोडपलं तेव्हा कुठे गटात तिसरं स्थान हाती आलं. तीन गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी दोघांना उपांत्यपूर्व फेरीत जागा असते. त्या फटीतून दक्षिण आफ्रिका आत शिरली.

समोर परत न्यूझीलंड. या वेळी १४-७, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने.

उपांत्य फेरीत फ्रान्सने १९-५ ने अडवलं. त्या संघात आंत्वान द्यूपाँ होता, पंधरा जणांच्या रग्बीतला जगातला बहुधा सर्वांत मोठा खेळाडू, जो ऑलिंपिकसाठी सेव्हन्सकडे वळला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत मात्र दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला २६-१९ ने हरवलं.

(दृश्य: पदकमंच. राष्ट्रगीताआधीची शांतता.)

२७ जुलै २०२४. मधे फ्रान्स, यजमान म्हणून आलेला, एकही पात्रता सामना न खेळता. अंतिम सामन्यात त्यांनी फिजीला २८-७ ने हरवलं. शेजारी फिजी, अकरा टप्प्यांच्या मालिकेतून आलेला. आणि तिसऱ्या पायरीवर दक्षिण आफ्रिका, मोनॅकोच्या दारातून आलेली.

विभागीय पात्रता जिंकून आलेल्या सहा संघांपैकी एकालाही पदक मिळालं नाही. हरारेत जिंकलेला केनिया गटातूनच बाहेर पडला होता.

(काळा पडदा.)