अर्ध्या सेकंदाचा माग

नमस्कार श्रोतेहो,

आज तुम्हाला अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगायचीय. मार्च २०२४ मधली. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक इंजिनीअर आहेत, डेटाबेसवर काम करणारे, सिक्युरिटी हा काही त्यांचा रोजचा विषय नाही. ते आपल्या मशिनवर कसल्यातरी चाचण्या घेत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-मी असतो तर म्हटलं असतं, असेल काहीतरी, जाऊ दे. त्यांनी जाऊ दिलं नाही. माग काढत काढत ते एक्सझेड नावाच्या एका छोट्या प्रोग्रामपर्यंत पोचले, फाइल दाबून लहान करायचं साधं काम करणारा प्रोग्राम, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या बहुतेक मशिन्सवर असतो, आणि त्यात त्यांना चोरदरवाजा सापडला. तो सगळीकडे पसरला असता तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरमध्ये कुणालातरी गुपचूप आत शिरता आलं असतं. २९ मार्चला त्यांनी सगळं उघड लिहून टाकलं. तोवर तो लिनक्सच्या मुख्यतः चाचणीसाठी असलेल्या आवृत्त्यांपर्यंतच गेला होता, थोडक्यात वाचलं सगळं.

पण तो आत आला कसा, ते ऐका, कारण मला आज बोलायचंय ते त्याबद्दलच. जिया टॅन असं नाव लावणारं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ या प्रोग्रामवर काम करत होतं, आणि चांगलं काम करत होतं, चुका दुरुस्त करणं, सुधारणा पाठवणं. एक माणूस की टोळी, आजही कळलेलं नाही. हा प्रोग्राम मुळात एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, बिनपगारी. २०२२ मध्ये अचानक अनोळखी नावांनी त्याला टोचणी सुरू झाली, काम इतकं हळू का चाललंय, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने अगदी प्रांजळपणे उत्तर दिलं की माझं मानसिक आरोग्य बरेच दिवस ठीक नाहीये, आणि हा माझा छंदाचा प्रोजेक्ट आहे. मग हळूहळू अधिकार त्या मदतनिसाकडे गेले. म्हणजे कुलूप जसंच्या तसं राहिलं, ज्याच्या हातात किल्ली होती त्या माणसाला दमवून ती काढून घेतली.

इंटरनेटवर जोडल्या गेलेल्या माणसांच्या अशा जाळ्यांना आपण आभासी म्हणतो ना, तो शब्द मला इथेच खटकतो. त्या माणसाचा थकवा आभासी नव्हता, त्याच्यावरचं दडपण आभासी नव्हतं, आणि धोक्यात आलेली मशिन्स तर मुळीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, इतकं महत्त्वाचं काम असं न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर सोडायचंच कशाला. पण इंटरनेट उभंच तसं राहिलंय हो. एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर नावाच्या एका विद्यार्थ्याने इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेट या नेटवर्कसाठी टिपणं लिहायला घेतली. आपण पोरंसोरं, मोठ्यांना नियम सांगतोय असं वाटू नये या धास्तीने त्याने त्यांना नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे बाबांनो, तुमचं मत कळवा. इंटरनेटचे नियम आजही त्याच नावाने निघतात, आरएफसी म्हणून. आणि ते ठरवणारी जी आयईटीएफ नावाची मंडळी आहेत त्यांच्याकडे सभासदत्वाची पावती नाही की मतदान नाही, बैठकीत कल बघायचा असेल तर लोकांना चक्क तोंड मिटून हुंकार द्यायला सांगतात. हं... असा. कुठल्या बाजूचा हुंकार मोठा आला त्यावरून अंदाज घ्यायचा. कोण हुंकारलं ते दिसत नाही, पण विरोध किती आहे ते कानाला कळतं, आणि मग विरोध करणाऱ्याचं नेमकं म्हणणं काय ते ऐकून घेतात. मला ही पद्धत फार आवडते.

लिनक्सचंही तेच. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने नेटवर मेसेज टाकला की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद आहे, फार मोठं काही नाही होणार, तुम्हाला काय हवं ते सांगा. लोकांनी सांगितलं, मग कोडही पाठवलं, आणि आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे, २०१७ च्या शेवटापासून जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं प्रत्येक मशिन त्याच्यावर चालतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी केलेलं काम आहे हे.

इथपर्यंत तंत्राची बाजू झाली, पण समाजाची बाजू वेगळी काढता येत नाही, दोन्हीचा गुंता एकच आहे. ट्विटरचंच बघा. २३ ऑगस्ट २००७ ला क्रिस मेसिना यांनी सुचवलं की विषयाच्या आधी हॅशचं चिन्ह लावूया, म्हणजे एका विषयाचं एकत्र सापडेल. कंपनीला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही. ऑक्टोबरमध्ये सॅन डिएगोच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा लोकांनी बातम्या पोचवायला ते चिन्ह वापरलं आणि ते रुळलं. दुसऱ्याचं म्हणणं पुढे पाठवायची रीतही लोकांचीच, आधी आर आणि टी ही दोन अक्षरं, म्हणजे रिट्वीट, मग त्याचं नाव, मग मजकूर, सगळं हाताने टाइप नाहीतर कॉपी करायचं. त्याला थोडा वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात आपण काय पाठवतोय ते डोळ्याखालून जायचं. २००९ च्या नोव्हेंबरात त्याचं बटण झालं. ज्या टीमने ते केलं तिचे प्रमुख क्रिस वेदरेल यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो.

एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या साधारण सव्वा लाख बातम्या ट्विटरवर कशा पसरल्या ते तपासलं. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त निघाली. आणि त्याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की आपोआप पोस्ट करणारी बॉट खाती बाजूला काढली तरी चित्र तेच राहिलं, म्हणजे खोट्याचा हा जादा वेग माणसांच्या बोटांतून येत होता.

त्यामुळे व्हॉट्सअॅपने काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. तिथले मेसेज कुलूपबंद असतात, कंपनीला आत काय आहे ते वाचता येत नाही, मग खरं-खोटं निवडणार कसं? त्यांनी निवडलंच नाही, फक्त वेग कमी केला. २०१९ च्या जानेवारीपासून जगभर एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुप्सना फॉरवर्ड, आणि २०२० च्या एप्रिलपासून खूप फिरून आलेला मेसेज एका वेळी एकालाच. पाठवायला बंदी नाही, पाठवा हवा तेवढ्यांना, पण दर वेळी परत बोट उचला. कंपनीने सांगितलं की असे मेसेज त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटले. कितीला फॉरवर्ड, बटण कुठे, हे आपण डिझाइन म्हणून सोडून देतो, पण अफवा किती लांब जाणार हे त्या आकड्यात ठरत असतं.

आणि वेग वाईटच असंही नाही हं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्स शहर कोसळलं, आणि त्या शहराचा नीट नकाशाच नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावरच्या शेकडो लोकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहाचे फोटो बघत बघत रस्ते आखले, गल्ल्या आखल्या, पडलेल्या इमारती खुणावल्या, काही दिवसांत नकाशा उभा राहिला आणि बचावपथकांनी तो आपल्या जीपीएसमध्ये घालून वापरला. त्यातले कितीतरी जण हैतीला कधी गेलेही नसतील.

आता एक्सझेडच्या त्या माणसाकडे परत येते. सगळं उघड झाल्यावर तो बाजूला झाला नाही. जुने बदल परत तपासत बसला आणि मे २०२४ च्या शेवटी चोरदरवाजा काढलेली आवृत्ती बाहेर काढली. त्याच्या त्या प्रोग्रामची कुठलीतरी आवृत्ती, तुम्ही आज जी वेबसाइट उघडली असेल तिच्या मशिनवर बहुतेक आत्ता असेल.

नमस्कार.